दत्तारामांचा ठेका

लोणखेड्याला आमच्या घरासमोर एक दुमजली घर आहे. त्याच्या गच्चीवरच्या खोलीत गेली चार वर्षं एक स्टुडिओ चालतो. स्टुडिओ म्हणायचं ते त्या मुलाच्या कौतुकापोटी. खोली दहा बाय बारा, भिंतींना आतून जुन्या गोधड्या ठोकलेल्या, कोपऱ्यात संगणक, एक की-बोर्ड, दोन स्पीकर आणि एक पंखा. गाणं रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवावा लागतो. आमच्याकडचा मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांना त्या खोलीत गाणाऱ्याचं काय होत असेल हे वेगळं सांगायला नको. या खोलीतून अहिराणी गाणी निघतात, हळदीची निघतात, नवरदेवाच्या नावाची निघतात. लग्नसराईत शहाद्यापासून तळोद्यापर्यंतच्या डीजेवर ती वाजतात आणि मुलाचं घर त्यावर चालतं.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. पाच कादंबऱ्या लिहिल्या. पण गल्लीत माझी ख्याती या दोन्हींपैकी कशाचीच नाही. जुन्या हिंदी गाण्यांतलं कळणारा म्हातारा, एवढीच माझी ओळख. म्हणून त्या मुलानं एका संध्याकाळी मला हाक मारून वर नेलं. एका गिऱ्हाइकानं त्याचं गाणं परत पाठवलं होतं. आगाऊ रक्कम घेतलेली, लग्न आठ दिवसांवर, आणि गिऱ्हाइकाची तक्रार एकच : ढोलक ढिला वाजतोय, पाय उचलत नाहीत. मुलानं आवाज वाढवून पाहिला होता, त्यावर आणखी एक ढोल चढवून पाहिला होता. ढिलेपणा होता तिथंच होता. मला तो नाना म्हणतो. नाना, तुम्ही ऐका आणि सांगा, असं त्याचं म्हणणं.

ऐकलं, आणि गाण्यापेक्षा मी ढोलकच ऐकत राहिलो. हा ठेका माझ्या ओळखीचा होता. ओळखीचा म्हणजे शाळेत जायच्या आधीपासूनचा. त्याला विचारलं, हा कुठून आणलास? त्यानं पडदा दाखवला. इंटरनेटवरून उतरवलेल्या दोनशे तुकड्यांच्या पेटीतला हा एक. साडेचार-पाच सेकंदांचा तुकडा, तो एकापुढे एक चिकटवत गेलं की गाणंभर ठेका तयार. त्या तुकड्याला लूप म्हणतात. तुकड्यावर नाव होतं : केरवा, आणि पुढे एक आकडा.

त्या ठेक्याला नाव आहे. फिल्मी वादकांच्या दुनियेत त्याला दत्ताराम ठेका म्हणतात, काही नुसतं दत्तू ठेका म्हणतात. ठेक्यांना नावं असतात ती मात्रांवरून, तालावरून, फार तर घराण्यावरून. एका माणसाच्या नावानं ठेका ओळखला जावा, हे मला तरी दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही. आणि त्या माणसाचं नाव या मुलानं, ज्याचं पोट त्या ठेक्यावर चाललं आहे, कधी ऐकलेलं नव्हतं. त्याला दोष देत नाही. त्याचा जन्म झाला तेव्हा दत्ताराम म्हातारे होऊन बाजूला झालेले होते.

दत्ताराम वाडकर यांचा जन्म 1929 मधला, गोव्यातला. बालपण सावंतवाडीला गेलं आणि 1942 मध्ये कुटुंब मुंबईला आलं. चलेजावचं ते वर्ष, मुंबई पेटलेली, आणि हा तेरा वर्षांचा मुलगा तबला शिकायला गुरू शोधत होता. गुरू मिळाले ते पंढरीनाथ नागेशकर, तेही गोव्याचेच. गोव्याच्या देवळांनी मुंबईला किती गवई आणि किती वादक दिले, याचा हिशेब कुणीतरी एकदा नीट मांडायला हवा. तबल्याबरोबर दत्तारामांना व्यायामाचा नाद होता. व्यायामशाळेतच त्यांची एका तरुणाशी गाठ पडली. तोही जोर मारायचा आणि तोही तबला वाजवायचा. हा तरुण पृथ्वीराज कपूरांच्या पृथ्वी थिएटर्समध्ये कामाला होता. त्याचं नाव शंकर.

या शंकरची जोडी पुढे जयकिशनशी जमली. जयकिशन वांसद्याचे, म्हणजे आमच्या नवापूरवरून गुजरातेत उतरलं की फार लांब नाही. राज कपूरचा 'बरसात' 1949 मध्ये आला आणि शंकर-जयकिशन हे नाव घरोघरी गेलं. दत्ताराम त्यांच्याबरोबर होते. शंकर-जयकिशनांचा वाद्यवृंद मोठा, व्हायोलिनांचा ताफा मोठा. त्या सगळ्या सुरावटींची मांडणी करायचे सॅबॅस्टियन डिसोझा, आणि तालाचं सगळं खातं दत्तारामांकडे. 'आवारा' 1951 चा, 'श्री 420' हा 1955 चा, 'चोरी चोरी' 1956 चा. या काळातल्या चित्रपटांच्या नामावळीत सहाय्यक म्हणून दोन नावं शेजारी शेजारी येतात, दत्ताराम आणि सॅबॅस्टियन. एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघे गोव्याचे. आमच्या पिढीनं ती नामावळी थिएटरात खुर्ची शोधताना पाहिली, म्हणजे पाहिली नाहीच.

तालाचं खातं म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसाला समजायला सोपं जातं. शाखेत व्यवस्थापकाचं नाव पाटीवर असतं, पण संध्याकाळी रोकड जुळवतो तो कॅशियर. दहा पैशांचा फरक आला तरी कुणी घरी जात नाही. त्या काळी गाणं तुकड्यातुकड्यांनी जोडायची सोय नव्हती. ताडदेवच्या फेमस स्टुडिओत मिनू कात्रक ध्वनिमुद्रण करत. गायक, व्हायोलिनं, बासऱ्या, ढोलक, सगळे एका वेळी एका दालनात. शेवटच्या कडव्यात एखाद्याचा हात चुकला की गाणं पहिल्यापासून. मग तीन-साडेतीन मिनिटं तोच ठेका, त्याच वजनानं, त्याच अंतरानं वाजवत राहायचं. आज संगणक जे करतो ते माणसाचा हात करत होता. लूपच तो, फक्त त्याला घाम येत असे.

आणि आवाज काही विजेच्या वेगानं पळत नाही. तो सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. माइकपासून सात मीटर लांब बसलेल्याचा ठोका माइकपर्यंत पोचायला सेकंदाचा पन्नासावा भाग उशिरा येतो. एवढासा उशीर वेगळा ऐकू येत नाही, पण दोन वाद्यांचे ठोके एकमेकांवर बसायच्या ऐवजी घसरतात आणि ठेका फुसका होतो. म्हणून कोण माइकजवळ, कोण खांबामागे, ही बसण्याची व्यवस्थासुद्धा तालाचाच भाग होती.

हे सगळं मी त्या मुलाला एका दमात सांगितलं नाही. त्याला लग्नाची घाई होती आणि इतिहास नको होता. म्हणून आधी कामाला लागलो. मला त्या यंत्रातलं काही कळत नाही. मी ऐकायचं आणि त्यानं पडद्यावर शोधायचं, अशी वाटणी केली.

पहिली चूक हिशेबाची निघाली. गाण्याची गती मिनिटाला शंभर मात्रा, तुकडा आठ मात्रांचा. म्हणजे तो 4.8 सेकंदांचा हवा. त्याचा तुकडा सेकंदाच्या शंभराव्या भागानं लांब कापला गेला होता. शंभरावा भाग म्हणजे काहीच नाही. पण चार मिनिटांत तो तुकडा पन्नास वेळा येतो आणि हा फरक पन्नास वेळा साठत जातो. शेवटी अर्धा सेकंद मागे, म्हणजे जवळजवळ एक मात्रा. गाणं सुरुवातीला बरं वाटतं आणि शेवटच्या कडव्यापर्यंत लंगडायला लागतं, त्याचं कारण हे. सरळव्याज, दुसरं काय. मुलगा हसला, पण त्यानं कापणी दुरुस्त केली. तुकड्याच्या सुरुवातीला ठोक्याच्या आधी थोडी शांतता राहून गेली होती, तीही काढली. म्हणजे पहिला ठोका आता सुरुवातीलाच बसला.

दुसरी गोष्ट अशी की मूळ तुकडा दुसऱ्या गतीचा होता आणि त्यानं तो ओढून लांब केला होता. ओढलेल्या ठोक्याची धार जाते. थाप पडल्याचा जो टक् असा आरंभ असतो तो पुसट होतो, आणि कानाला ठोका नक्की कुठे पडला हे कळतच नाही. त्याऐवजी तुकड्यातला एकेक ठोका वेगळा कापून नव्या गतीत जागच्या जागी मांडायचा, ठोक्याला हात लावायचा नाही. हे वेळखाऊ काम. रात्रीचे साडेअकरा झाले.

तरीही ढिलं. आता ते वेळेत होतं, पण आवळलेलं नव्हतं. आणि इथं मी त्याला 'परवरिश'मधलं मुकेशचं ते अश्रूंचं गाणं लावून दाखवलं.

1957 मध्ये राज कपूरनं आर. के. तर्फे मुलांसाठी 'अब दिल्ली दूर नहीं' काढला आणि संगीत दत्तारामांना दिलं. त्यांचा हा पहिला स्वतंत्र चित्रपट. रफींनी गायलेलं त्यातलं चिमणीचं गाणं अजून बालवाड्यांत म्हणतात. पुढच्या वर्षी 'परवरिश' आला. हसरत जयपुरींचे शब्द, मुकेशचा आवाज, आयुष्याला कंटाळलेल्या माणसाचं गाणं, आणि खाली हा ठेका. दुःखाच्या गाण्याखाली एवढा नाचरा ठेका घालायला धैर्य लागतं. त्याच चित्रपटात मन्ना डे आणि लता यांचं जे द्वंद्वगीत आहे, त्यातही तो ठेका आहे आणि तिथं तो नुसता उड्या मारतो. एकच ठेका रडवतो आणि खेळवतो, हे मला लहानपणी रेडिओवर ऐकताना कळायचं नाही, आता थोडं कळतं.

ठेका केरव्याच्याच घरातला. पण नेहमीच्या केरव्यात बोल एकामागे एक पोत्यात धान्य भरावं तसे भरलेले असतात. इथं माझ्या कानाला जागा मोकळ्या ऐकू येतात. डाव्या बाजूचा घुमारा, कान ज्या जागी वाट पाहतो तिथून जरासा सरकून येतो, आणि आला की लगेच मिटतो. ढोलकाच्या भारी तोंडाला आतून मसाला लावलेला असतो, त्यानं खर्ज मिळतो. तो खर्ज एकदा घुमला की घुमत राहतो. वादकानं पुढच्या क्षणी तळवा कातड्यावर टेकला नाही, तर पहिल्या ठोक्याचं शेपूट दुसऱ्या ठोक्यावर पसरतं. चांगला ढोलकवाला वाजवतो तितकाच थांबवतोही. बाहेरून पाहणाऱ्याला हात उचललेला दिसतो, टेकलेला दिसत नाही.

मुलानं डोळे मिटून दोनदा ऐकलं. मग काहीही न बोलता आपल्या तुकड्यातल्या प्रत्येक खर्जाच्या ठोक्याची शेपटं आखूड करायला बसला. स्टुडिओचा भास व्हावा म्हणून त्यानं ढोलकाला प्रतिध्वनी दिला होता, तो काढून टाकला. वर चढवलेला दुसरा ढोल काढला, कारण दोन ढोलांचे ठोके एकमेकांवर नेमके पडत नसतील तर ताकद वाढण्याऐवजी घटते. की-बोर्डवरचा खर्ज आणि ढोलकाचा खर्ज एकाच जागेसाठी भांडत होते. की-बोर्डाचा तळ त्यानं थोडा कापला. ढोलकाचा सूरही गाण्याच्या सुरापासून बाजूला होता, तो किंचित चढवला. ढोलकवाले कड्या सरकवून हेच करतात.

मग त्यानं एक आगाऊपणा केला. पडद्यावर आखलेल्या रेघांवर प्रत्येक ठोका नेऊन बसवला, एकही इकडेतिकडे नाही. आणि गाणं मेलं. अगदी शिलाई मशीन. ही युक्ती तशी जुनी आहे. अमेरिकेत रॉजर लिन नावाच्या माणसानं 1980 मध्ये खऱ्या ड्रमचे आवाज साठवणारं यंत्र बाजारात आणलं. त्यात ठोके आपोआप रेघेवर ओढण्याची सोय होती. पण त्याच यंत्रात एक ठोका सोडून पुढचा ठोका जरा उशिरा टाकून झोका देण्याचीही सोय त्यानं ठेवली होती. पहिल्याच यंत्रात दोन्ही ठेवले, यावरून तो स्वतः वाजवणाऱ्यांपैकी असावा असं वाटतं. आम्ही खर्जाचे ठोके रेघेवर राहू दिले आणि उजव्या हाताचे बारीक बोल होते तिथं परत नेले.

रात्री दीड वाजता गाणं आवळलं गेलं. खाली त्याची आई जागी होती. तिनं चहा पाठवला.

दुसऱ्या संध्याकाळी तो स्वतःच घरी आला आणि त्यानं दत्तारामांचं पुढं काय झालं ते विचारलं. पुढचं सांगायला मला फार आवडत नाही. 'कैदी नं. 911' हा 1959 चा, 'श्रीमान सत्यवादी' 1960 चा, 'जिंदगी और ख्वाब' 1961 चा. प्रत्येकात एखादं-दुसरं गाणं असं की ऐकणारा विचारतो, हे शंकर-जयकिशनचं ना? हाच त्यांचा दैवदुर्विलास. त्यांनी उभं केलेलं तालाचं घर इतकं शंकर-जयकिशनच्या नावाचं झालं होतं की स्वतःच्या नावावर ते गाणी द्यायला लागले तेव्हा लोकांना ती नक्कल वाटली. मोठे चित्रपट त्यांच्याकडे वळले नाहीत. जयकिशन 1971 मध्ये गेले, त्या वैभवाचा काळ सरला, पुढं चित्रसंगीतात तालवाद्यांचा थाटच बदलला. मी याकडे अन्याय म्हणून पाहत होतो बरीच वर्षं. आता तेवढी खात्री वाटत नाही. दुसऱ्याच्या गाण्याखाली राहून ते गाणं उभं धरणं हे कमी प्रतीचं काम आहे, असं आपण धरून चालतो. दत्तारामांनी तसं धरलं होतं का, हे त्यांनाच ठाऊक.

2007 च्या जूनमध्ये ते वारले. मी तेव्हा धुळ्याला होतो. बातमी आतल्या पानावर होती, चार ओळींची. त्या दिवशी आमच्या शाखेत अर्धवार्षिक हिशेबाची गडबड होती, आणि मी ती बातमी कापून ड्रॉवरमध्ये ठेवली. बदलीच्या वेळी ड्रॉवर रिकामा करताना ती हरवली.

मुलानं ऐकून घेतलं आणि मग मला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. त्या पेटीतल्या तुकड्यात ढोलक ज्यानं वाजवला आहे, तो कोण? ठेका दत्तारामांचा असेल, पण हात तर दुसऱ्या कुणाचा. तो हात कुणाचा, त्याला पैसे मिळाले का, कोण सांगणार? अमेरिकेत 1969 मध्ये एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूवर एका ड्रमरनं जेमतेम सहा-सात सेकंद एकट्यानं वाजवलं होतं. ग्रेगरी कोलमन त्याचं नाव. ते सेकंद पुढं जगभर हजारो गाण्यांत कापून वापरले गेले. 2006 मध्ये तो गेला, तोवर त्याच्या हातात त्याबद्दल काही पडलेलं नव्हतं. त्याचं निदान नाव तरी माहीत आहे.

लोणखेड्यात एक ढोलकवाला आहे. वय सत्तरीपुढचं. सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत तमाशाचे फड उतरत, त्यांत त्यानं हात बसवला. पुढं पंचक्रोशीतल्या ऑर्केस्ट्रांत वीस वर्षं वाजवलं. की-बोर्डवाले आणि पॅडवाले आले तशा त्याच्या सुपाऱ्या बंद झाल्या. आता तो मुलाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसतो. गंमत अशी की सुट्टे देताना अजून त्याची बोटं पेटीवर चालतात. दत्ताराम ठेका तो रेडिओवर ऐकून शिकला. गच्चीवरच्या स्टुडिओपासून त्याचं दुकान दोनशे पावलांवर, आणि चार वर्षांत या मुलाला त्याच्याकडे जावंसं वाटलं नव्हतं. मला सुचवावंसं वाटलं नव्हतं, तेही लिहिलंच पाहिजे.

लग्नाचं गाणं गेलं, गिऱ्हाइकानं उरलेले पैसे दिले. त्यानंतरच्या मंगळवारी, बाजार नसतो म्हणून, आम्ही त्या म्हाताऱ्याला वर आणलं. जिना चढताना दोनदा बसला. ढोलक त्याचाच, कड्या गंजलेल्या. त्यानं तेल मागवलं, कड्या सरकवल्या, डाव्या तोंडावर अंगठा घासून पाहिला आणि नापसंतीनं मान हलवली. पंखा बंद केला. पहिली दहा मिनिटं हात चालत नव्हता, बोटं अडखळत होती, आणि मुलगा माझ्याकडे पाहायला लागला. मी त्याच्याकडे पाहणं टाळलं. मग कधीतरी हात लागला. मी त्याच्या डाव्या तळव्याकडे पाहत होतो. घुमारा निघायचा आणि तळवा परत कातड्यावर, इतका हलका की आवाज नाही. वीस मिनिटं त्यानं वाजवलं. पडद्यावर पाहिलं तर एकही शेपूट आखूड करायची गरज नव्हती.

मुलानं त्यातल्या आठ मात्रा कापल्या आणि वेगळ्या ठेवल्या. म्हाताऱ्यानं पैशांना नाही म्हटलं. मी बँकेच्या सवयीनं पावती लिहून काढली आणि त्याला सही करायला लावली, म्हणजे मग त्याला पैसे घ्यावेच लागले. तुकड्याला नाव काय द्यायचं, असं मुलानं विचारलं. दत्ताराम ठेका, आणि पुढं म्हाताऱ्याचं नाव, दोन्ही घाल, असं मी म्हटलं. नाव फार लांब होतंय, पडद्यावर मावत नाही, अशी त्याची कुरकुर. मग त्यानं रकाना रुंद केला.